नोझलची सफाई

जळगाव-धुळ्याकडे आपण कपाशीवर औषध फवारतो. पंपाच्या नोझलमध्ये कचरा अडकला तर काय होतं? फवारा उडत नाही. नुसते थेंब गळतात.

डिझेलच्या गाडीतही नोझल असते. त्याला इंजेक्टर म्हणतात. त्याची भोके फार बारीक असतात. त्यांतून डिझेल मोठ्या दाबाने इंजिनात उडते. त्याचे धुके झाले, तरच ते पुरते जळते. भोकांवर काजळी धरली, की काळा धूर निघतो. गाडी ओढत नाही. डिझेल जास्त लागते. रावेर-सावद्याची केळी भरलेला ट्रक असा वाटेत रखडला, तर माल ट्रकातच पिकतो.

बाजारात नोझल साफ करायचे औषध मिळते. ते टाकीत डिझेलबरोबर घालतात. त्याने काजळी हळूहळू सुटते. बाटलीवर माप लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते. किती लिटर डिझेलला किती औषध, ते स्वतः वाचावे. जास्त घातले म्हणून जास्त सफाई होत नाही.

कोणी म्हणेल, "अहो, थोडं रॉकेल टाका, झालं काम!" तसे करू नये. इंजिनाकडे डिझेल ढकलणाऱ्या पंपाला डिझेलचेच वंगण मिळते. रॉकेलने ते कमी पडते आणि पंप झिजतो. झिजलेले नोझलही औषधाने बरे होत नाही. ते मिस्त्रीला दाखवावे.

नोझल तपासताना पुढे हात धरू नये. डिझेलची धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येते. तडक दवाखाना गाठावा.

फिल्टर वेळेवर बदलावा. टाकीत पाणी, कचरा जाऊ देऊ नये. आधी निगा, मग औषध.