न पुसलेला सूर

आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस हर्सूल नावाचे गाव आहे. आता ते शहरातच मिसळून गेले असले, तरी हर्सिद्धी मातेचे मंदिर आणि जवळचा विस्तीर्ण तलाव यांमुळे त्याची जुनी ओळख टिकून आहे. तेथील एका शाळेत मी मुख्याध्यापक असताना, २०१९ साली घडलेली ही हकीकत आहे.

सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा गळा गोड होता. पहाटे वडिलांबरोबर तो तलावाच्या बाजूस फिरावयास जाई आणि मोकळ्या हवेत अभंग म्हणे. वार्षिक स्नेहसंमेलनातील गायनस्पर्धेसाठी त्याने दोन महिने मेहनत घेतली होती. स्पर्धेच्या दिवशी पटांगण माणसांनी भरून गेले होते. पहिला चरण त्याने उत्तम म्हटला; परंतु दुसऱ्या चरणात वरच्या षड्जाला जाताना त्याचा आवाज एकाएकी चिरकला. तो क्षणभर थांबला. तबला वाजवणाऱ्या मुलाने ठेका सोडला नव्हता. गायकाने डोळे मिटले, पुन्हा सूर धरला आणि अभंग पुरा केला. बक्षीस मात्र दुसऱ्या विद्यार्थिनीस मिळाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

“गुरुजी, कालचे माझे गाणे आपल्या मोबाइलमध्ये घेतलेले आहे ना? तेवढे पुसून टाका.”

“सबंध गाणे पुसायचे?”

“हो, गुरुजी. ते कोणी ऐकू नये असे मला वाटते. मलासुद्धा ते ऐकायचे नाही.”

मी म्हणालो, “ठीक आहे. गाणे तुझे आहे. तू सांगशील तसे करू. पण आधी दुसऱ्या एका स्पर्धेतील ध्वनिमुद्रण ऐक आणि मग काय ते ठरव.”

त्या दिवशी शेवटच्या तासाला मी सारा वर्ग संगणकाच्या खोलीत बसवला आणि स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा या शहरात २०१८ साली झालेल्या एका व्हायोलिनस्पर्धेचे ध्वनिचित्रमुद्रण मुलांना दाखवले. पडद्यावर एक लहान मुलगी उभी होती. तिचे नाव क्लोई चुआ. ती सिंगापूरची, वय अवघे अकरा वर्षे. तिच्या मागे मोठमोठे वादक बसले होते आणि समोर परीक्षक व श्रोते होते. तिने व्हायोलिन हनुवटीखाली धरले, गज उचलला आणि व्हिव्हाल्डी या इटालियन संगीतकाराची ‘हिवाळा’ ही रचना वाजवावयास प्रारंभ केला. ही रचना सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची आहे. तिच्या पहिल्या भागात कडाक्याच्या थंडीने वाजणारे दात ऐकू येतात. मधल्या भागात बाहेर पाऊस पडत असताना शेकोटीजवळ बसल्याचे सुख आहे. आणि शेवटच्या भागात बर्फावरून जपून टाकलेली पावले आहेत. हर्सूलच्या मुलांनी गोठलेले तळे कधी पाहिले नव्हते. परंतु दात वाजवणारी थंडी त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. वर्ग स्तब्ध होऊन ऐकत राहिला.

वादन संपले आणि पडद्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “गुरुजी, मध्येच तिचे बोट चुकले असते, तर तिला पुन्हा पहिल्यापासून वाजवता आले असते का?”

“नाही,” मी म्हणालो. “चूक झाली, तर चुकीसह पुढे जावयाचे.”

हा धोका किती मोठा आहे, हे कळण्यासाठी या वाद्याची रचना जाणून घेतली पाहिजे. व्हायोलिनला चार तारा असतात. घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेला गज या तारांवरून फिरवून सूर काढतात. केसांनी तार नीट पकडावी म्हणून त्यांना राळ घासतात. सतारीला पडदे असतात. त्यांवरून कोणता स्वर कोठे आहे, हे वादकाला दिसते. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट तसूभर पुढे-मागे पडले, तर स्वर बेसूर होतो. योग्य जागा डोळ्यांना दिसत नाही. ती कानाने आणि सरावाने ओळखावी लागते. हे वाद्य युरोपातून आपल्याकडे आले आणि आपल्या संगीताने त्याला मांडी घालून बसावयास शिकवले. महाराष्ट्रात गजाननबुवा जोशी, दामोदर केशव दातार यांसारख्या कलावंतांनी त्यावर आपले राग इतक्या तन्मयतेने वाजवले, की ते परके वाटेनासे झाले.

आता ध्वनिमुद्रणाचा विचार करू. ते दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात वादक बंद खोलीत बसून वाजवतो. एखादी जागा मनासारखी आली नाही, तर ती पुन्हा वाजवता येते. जुन्या ग्रामोफोनच्या काळी तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच संगीत मावे. त्यामुळे आपल्या गवयांना तासाभराचा राग तेवढ्यात आटोपावा लागे. पुढे चुंबकीय फीत आली. तेव्हापासून निरनिराळ्या वेळी वाजवलेले चांगले तुकडे कापून जोडण्याची सोय झाली. असे मुद्रण निर्दोष असू शकते. परंतु ते सलग वाजवलेले असतेच असे नाही.

दुसरा प्रकार थेट मुद्रणाचा. येथे श्रोते समोर असतात. वादक एकदाच वाजवतो आणि यंत्र ते टिपून घेते. श्रोत्यांची हालचाल, कोणाचे खोकणे, वादकाचा श्वास आणि एखादा डळमळलेला स्वर, हे सर्व त्यात राहते. स्पर्धेतील मुद्रण या प्रकारचे असते. त्या घटकेला ते वादन कसे झाले, याची ती खरी साक्ष असते.

मी मुलांना सांगितले, की त्या वर्षी सोळा वर्षांखालील गटाचे पहिले पारितोषिक क्लोई चुआ आणि ऑस्ट्रेलियाचा दहा वर्षांचा क्रिस्टियन ली या दोघांना विभागून मिळाले. ते ऐकून वर्गात आनंदाची कुजबुज झाली. परंतु आमचा गायक गंभीर होता. त्याने विचारले, “गुरुजी, ज्यांना बक्षीस मिळाले नाही, ती मुले मग घरी गेली असतील?”

मला हवा होता तो प्रश्न आला होता. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ही स्पर्धा सुरू करणाऱ्या माणसाची कथा सांगणे आवश्यक होते. आणि त्या कथेतील एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

येहुदी मेन्युहिन यांचा जन्म १९१६ साली न्यूयॉर्क येथे झाला. बालपणीच त्यांच्या व्हायोलिनवादनाने जग थक्क झाले. १९२९ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांनी बर्लिनमध्ये एकाच कार्यक्रमात बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स या तीन थोर संगीतकारांच्या रचना वाजवल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले. परंतु पुढे एक विलक्षण संकट आले. लहानपणी जे सहज जमत होते, ते अवघड होऊ लागले. शरीर थकले, झोप लागेना, गजाच्या हातावर पूर्वीचा ताबा राहीना. सर्व जगाने डोक्यावर घेतलेला हा वादक भर मैफलीत अडखळू लागला.

अशा अवस्थेत, १९५२ साली, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले आणि दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. मुंबईत व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ साली स्थापन केलेला वाद्यवृंद त्यांच्या साथीला होता. याच मुक्कामात पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार त्यांना भेटावयास आले. भेटीसाठी अगदी थोडा वेळ ठरला होता. मेन्युहिन यांनी आपण फार दमलो असल्याचे सांगितले. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवले आणि आपल्या बोटांनी त्यांचे डोळे व कान हलकेच मिटवले. कित्येक दिवस स्वस्थ झोप न मिळालेला तो कलावंत शांतपणे निद्राधीन झाला. थोड्या मिनिटांची भेट तासांवर गेली आणि तेथून आयुष्यभराचा स्नेह सुरू झाला.

शरीर ताठ करून आणि मन ओढून धरून सूर येत नाही. दोन्ही स्थिर आणि मोकळी असली म्हणजे तो येतो, हे मेन्युहिन नव्याने शिकले. जगविख्यात झाल्यानंतर पुन्हा विद्यार्थी होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९५४ साली त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले. पुढे त्यांना एक घड्याळ भेट दिले आणि आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरविले. अय्यंगार व्हायोलिन वाजवीत नसत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांचा अर्थ खोलवर कळतो.

अशा या माणसाने १९८३ साली इंग्लंडमधील फोकस्टन या गावी तरुण व्हायोलिनवादकांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तिच्यात सोळा वर्षांखालील आणि बावीस वर्षांखालील असे दोन गट असत. पुढे ही स्पर्धा निरनिराळ्या देशांत भरू लागली. तिला एक वेगळी रीत मेन्युहिन यांनी घालून दिली. पहिल्या फेरीत बाद झालेल्या स्पर्धकाने गाशा गुंडाळून निघून जावयाचे नाही. त्याने अखेरपर्यंत राहावयाचे, थोर वादकांच्या शिकवणीस बसावयाचे, इतर मुलांबरोबर वाजवावयाचे आणि त्यांचे ऐकावयाचे. कोण पहिला आला, एवढ्यासाठी मुलांना एकत्र आणावयाचे नव्हते. त्यांनी एकमेकांकडून शिकावे, ही खरी इच्छा होती. मेन्युहिन १९९९ साली वारले. परंतु त्यांची रीत पुढेही चालू राहिली.

मी त्या मुलाला म्हणालो, “तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की ती मुले घरी गेली नाहीत. जो स्वतः अडखळला होता, त्याने अडखळणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले होते.”

तो काही बोलला नाही. शाळा सुटल्यावर मात्र पुन्हा माझ्या खोलीत आला. “गुरुजी, एकदा ऐकतो,” तो म्हणाला.

मी त्याचे गाणे लावले. आवाज चिरकला त्या ठिकाणी त्याने मान खाली घातली. संपल्यावर म्हणाला, “पुन्हा लावा.” दुसऱ्या खेपेस तो डोळे मिटून ऐकत होता. एकाएकी त्याने हात वर केला.

“येथे, गुरुजी! येथे मी श्वासच घेतला नाही. पहिला चरण संपला आणि टाळ्या झाल्या, त्या नादात मी तसाच वर गेलो. आणि पट्टीही घरच्यापेक्षा उंच घेतली होती.”

“आणि थांबल्यावर?”

तो विचार करून म्हणाला, “थांबल्यावर सूर बरोबर त्याच जागी सापडला.”

दोन महिन्यांच्या सरावात जे त्याला कळले नव्हते, ते त्या पाच मिनिटांच्या मुद्रणाने सांगितले होते. गाताना आपण आपले गाणे पूर्णपणे ऐकू शकत नाही. आपले लक्ष पुढच्या शब्दाकडे, समोरच्या माणसांकडे आणि आपल्या भीतीकडे वाटले गेलेले असते. म्हणून जसे घडले तसे जपून ठेवलेले गाणे हा एक निःपक्षपाती शिक्षक आहे. तो चूक दाखवतो आणि चुकीनंतर आपण काय केले, हेही दाखवतो.

“मग काय, पुसून टाकू?” मी विचारले.

“नको, गुरुजी. राहू द्या.”

पुढील वर्षी त्याने तोच अभंग अर्धी पट्टी खाली घेऊन म्हटला. दुसऱ्या चरणापूर्वी त्याने घेतलेला शांत श्वास मला पहिल्या रांगेत स्पष्ट ऐकू आला. त्याही वर्षी पहिले बक्षीस दुसऱ्यालाच मिळाले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, “गुरुजी, कालचे लावता का? कोठे काय राहिले ते ऐकू या.”

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलगा मुख्याध्यापकांकडे प्रथम कशासाठी आला?
(आ) व्हायोलिनच्या गजाला राळ का घासतात?
(इ) मेन्युहिन आणि अय्यंगार यांची भेट कोणत्या साली व कोठे झाली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बंद खोलीतील ध्वनिमुद्रण आणि थेट ध्वनिमुद्रण यांत कोणता फरक आहे?
(आ) बाद झालेल्या स्पर्धकांसाठी मेन्युहिन यांनी कोणती रीत घालून दिली? ती त्यांना का सुचली असावी?
(इ) मुलाला स्वतःच्या गाण्यातून कोणत्या गोष्टी कळल्या?

३. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
डोक्यावर घेणे, गाशा गुंडाळणे, थक्क होणे, निद्राधीन होणे.

४. उपक्रम : एखादी कविता किंवा उतारा मोठ्याने वाचा आणि आपले वाचन न थांबता मुद्रित करा. ते दोनदा ऐका. पहिल्या वेळी काय ध्यानात आले आणि दुसऱ्या वेळी काय, ते वहीत लिहून ठेवा.