पूरग्रस्त कुटुंबांचे मनःस्वास्थ्य व परिचारिकेचे कर्तव्य

सह्याद्रीतून येणारी तिळारी नदी गोव्यात शापोरा या नावाने ओळखली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टी व तिळारी धरणातून सोडलेले पाणी यांमुळे तिला मोठा पूर आला. डिचोली तालुक्यातील साळ आणि पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, चांदेल या भागांत लोकांना राहती घरे सोडावी लागली. जुलै २०२१ मध्ये डिचोली व सत्तरी तालुक्यांना पुन्हा पुराचा तडाखा बसला. पडलेली भिंत व वाहून गेलेले धान्य यांचा पंचनामा होतो. मनावर झालेल्या आघाताचा मात्र होत नाही. तो ओळखण्याची संधी सर्वांत आधी परिचारिकेला मिळते.

लक्षणे

ग्रामीण माणूस मनाचे दुःख सहसा मनाचे म्हणून सांगत नाही. ‘अंग दुखते’, ‘छातीत धडधडते’, ‘झोप लागत नाही’ अशा तक्रारी तो करतो. लहान मुले आईला बिलगून राहतात, अंथरूण ओले करतात. वृद्ध अबोल होतात. काही पुरुष मद्याकडे वळतात. आपत्तीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असे होणे स्वाभाविक असून तो वेडेपणा नव्हे, हे कुटुंबास समजावून सांगावे. सुरक्षितता, अन्न व आप्तांचा सहवास लाभल्यास बहुतेकजण हळूहळू सावरतात.

परिचारिकेने काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रे दिली आहेत : पाहणे, ऐकणे व जोडून देणे.

(१) पाहणे : पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस, अतिसार यांच्या तपासणीसाठी घरोघरी जावेच लागते. ताप पाहतानाच झोप, भूक व मुलांचे वागणे यांची चौकशी करावी. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार वा मानसिक आजार यांची औषधे पुरात गेली असल्यास ती त्वरित मिळवून द्यावीत.

(२) ऐकणे : शांतपणे बसून ऐकावे. घडलेला प्रसंग सांगण्याचा आग्रह धरू नये. ‘रडू नका’, ‘इतरांचे याहून अधिक गेले’ असे बोलू नये. खोटे आश्वासन देऊ नये.

(३) जोडून देणे : नुकसानभरपाईसाठी मामलेदार कार्यालय, मुलांसाठी शाळा व अंगणवाडी, एकट्या वृद्धांसाठी शेजारी, अशी योग्य ठिकाणी गाठ घालून द्यावी.

तज्ज्ञांकडे केव्हा पाठवावे

लक्षणे महिनाभरानंतरही टिकल्यास, दैनंदिन कामे थांबल्यास वा मद्यपान वाढल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलल्यास मात्र मुळीच विलंब लावू नये व त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत उपचार उपलब्ध आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र निःशुल्क सल्ला मिळतो.

पुढील पावसाळ्यात नदी फुगू लागताच जुनी भीती पुन्हा जागी होते. म्हणून मृगापूर्वीच अशा घरांना एक भेट द्यावी. शिक्षकांनी शाळा लवकर सुरू करून मुलांची दिनचर्या सावरावी. पंचायतीने धरणातील विसर्गाची खरी माहिती वेळेवर पोहोचवावी. वेळीच मिळालेल्या खऱ्या माहितीने अफवा थांबतात आणि भयभीत कुटुंबास धीर येतो.