मुकादमाची वही लिहिणाऱ्या भाच्यास

अंबाजोगाई

चि. बाळू यास,


दसरा झाला की तू ऊसतोड टोळीबरोबर निघणार, मुकादमाची वही सांभाळणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फडात रविवारची सुट्टी नसते, उपासना नाही, प्रभुभोजन नाही, मग विश्वासात टिकायचं कसं, असं तू विचारलंस. बाळू, तुझी कसोटी रविवारी लागणार नाही. रोज रात्री वजनाच्या पावत्या वहीत उतरवताना लागेल.

मत्तयाचा अठरावा अध्याय पुन्हा वाच. राजाने ज्याचं अफाट कर्ज सोडलं, तोच चाकर बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याची नरडी धरतो. शंभर दिनार म्हणजे किरकोळ रक्कम, असं उपदेशात पुष्कळदा सांगतात. मला ते पटत नाही. दिनार ही एका दिवसाची मजुरी. शंभर दिनार म्हणजे ऊसतोडीच्या हंगामातली बहुतेक कमाई. येशू कष्टकऱ्यांत वाढला. आगाऊ घेतलेली उचल फेडताना माणूस कसा वाकतो, हे त्याने पाहिलेलं असणार. सोबत्याचं कर्ज खरं होतं आणि मोठंही होतं. तरी येशूने दोष दिला तो नरडी धरणाऱ्या हाताला.

उचल माफ करणं तुझ्या हाती नाही, पैसा मुकादमाचा. ती किती फिटली हे खरं लिहिणं मात्र तुझ्याच हाती आहे. 2024च्या जानेवारीत तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले. ती वाढ मजुराच्या कोपीपर्यंत पोचते की वाटेतच जिरते, ते वही लिहिणाऱ्यावर ठरतं. म्हणून पावती आली की आकडा मोठ्याने वाच. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या पोराच्या वहीतही तोच आकडा लिहून दे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि हिशेब होतो नवऱ्याशी. तू तो दोघांना समोर बसवून सांग.

आता खाड्याचं. यावर मी जास्त लिहिणार आहे. 2019 साली आपल्या जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत, दुखण्यात कामावर गेलं नाही तर पैसे कापले जातील, ही धास्ती त्यामागच्या कारणांत होती. मार्काच्या पाचव्या अध्यायातली बाई आठव. बारा वर्षं रक्तस्राव, वैद्यांपायी सगळा पैसा गेलेला. येशू तेव्हा याईर नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या मरणोन्मुख मुलीसाठी घाईने चालला होता. तरी तो थांबला, त्या बाईचं सगळं ऐकून घेतलं आणि तिला मुलगी म्हणून हाक मारली. एखादी बाई फडात बसून राहिली, तर तिच्या नावापुढे खाडा मांडण्याआधी तू तिच्याजवळ जाऊन विचारलं पाहिजेस. याहून मोठी सेवा त्या रानात तुला कोणती मिळणार?

मुकादमाचा द्वेष करू नकोस. टोळी उचल घेऊन पळाली की त्याचीही जमीन जाते. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणायच्या आधीच प्रभू त्याच्या घरी उतरायला निघाला होता.

रात्री कोप्यांपुढे भजन होईल, तिथे जाऊन बस, ते परकं मानू नकोस. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानत. 1917 साली साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तांनाही जागा होती. तू कुणाला धर्म सांगत फिरू नकोस. कुणी आपणहून विचारलं, तर लाजूही नकोस.

निघण्याआधी मुकादमाला एकट्याला गाठ आणि वहीत खोटा आकडा घालणार नाही, हे नम्रपणे सांगून टाक. उचल घेण्याआधीच सांग, म्हणजे त्यालाही दुसरा माणूस बघता येईल. तो नाही म्हणाला तर सरळ इकडे ये. तुझं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करू. फीचं मी बघते.

तुझी,
आत्या