मरुत विमानाची प्रतिकृती

दिवाळी आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात. त्या किल्ल्यावरील मावळा पुष्कळदा बुरुजाहूनही उंच असतो आणि पायथ्याशी बसलेला वाघ महादरवाजातून आत शिरू शकत नाही. त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही. कारण तेथे हौसेला महत्त्व असते. परंतु एखाद्या वस्तूची प्रमाणबद्ध प्रतिकृती करावयाची असेल, तर हौसेला मापाची जोड द्यावी लागते. मूळ वस्तूचा प्रत्येक भाग सारख्याच पटीने लहान केला, तरच तिला प्रतिकृती म्हणता येते. एरवी ते केवळ खेळणे होय.

विमानांच्या प्रतिकृती करण्याचा छंद जगभर लोकप्रिय आहे. भारतीय मुलांनी या छंदासाठी ‘मरुत’ या लढाऊ विमानाची निवड करावी, याला सबळ कारण आहे. मरुत म्हणजे वारा. ज्याचा आराखडा भारतात तयार झाला आणि जे भारतातच बांधले गेले, असे हे पहिले जेट लढाऊ विमान होय. ज्या बंगळूरच्या कारखान्यात ते बांधले गेले, त्याची स्थापना सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली झाली. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली याच कारखान्याने ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान तयार केले व १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. पुढे १९५६ मध्ये कुर्ट टांक हे विख्यात जर्मन विमानरचनाकार भारतात आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय तंत्रज्ञांनी मरुतच्या कामास आरंभ केला.

प्रतिकृतीचे काम लाकडावर सुरू होत नाही. ते कागदावर सुरू होते. मरुतची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर आणि उंची ३.६० मीटर. विमानांच्या प्रतिकृतींसाठी १ : ७२ हे प्रमाण फार प्रचलित आहे. इंच-फुटांच्या मापात याचा अर्थ असा, की मूळ वस्तूचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच. या हिशेबाने मरुतची लांबी सुमारे २२० मिलिमीटर, पंखांचा विस्तार १२५ मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर भरते. सहा फूट उंचीचा वैमानिक तिच्याशेजारी उभा करावयाचा, तर तोही एक इंचाचाच असावा लागेल.

ही मापे घेऊन विमानाची तीन चित्रे काढावी लागतात : एक वरून दिसणारे, एक बाजूने दिसणारे आणि एक समोरून दिसणारे. एकाच चित्रावर विसंबून केलेली प्रतिकृती एका बाजूने विमानासारखी आणि दुसऱ्या बाजूने माशासारखी दिसते. चित्रे तयार झाली, की त्यांच्या आधारे जाड पुठ्ठ्याचे साचे कापतात. धडासाठी मऊ व हलके लाकूड लागते. सावंतवाडीची खेळणी ज्यापासून करीत आले, ते पांगाऱ्याचे लाकूड या कामास योग्य आहे. ठोकळ्यावर बाजूचे व वरचे चित्र उतरवून घ्यावे, करवतीने बाहेरचा भाग कापावा, मग चाकूने व कानशीने आकार द्यावा आणि अखेरीस पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावा. घासताना साचा वरचेवर लावून पाहिला पाहिजे. जास्त राहिलेले लाकूड काढता येते. जास्त काढलेले लाकूड परत बसविता येत नाही.

येथे एक मिलिमीटरची चूक क्षुल्लक वाटते. तथापि १ : ७२ या प्रमाणात ती मूळ विमानावर ७२ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ चार बोटे रुंदीची चूक ठरते. पंखांवरील पत्र्यांचे सांधे दाखविण्यासाठी कोणी एक मिलिमीटर खोल रेघ कोरली, तर खऱ्या विमानाच्या पंखावर तेवढ्याच पटीने चर पडला असता! म्हणून अशा रेघा टोकदार पेन्सिलीने हलक्या हाताने ओढणेच बरे. रंगही पातळ असावा. जाड रंगाने कडा बोथट होतात.

मरुतचे धड घडविताना सर्वांत अवघड भाग म्हणजे त्याची कंबर. पंख जेथे धडाला मिळतात, तेथे धड किंचित निमुळते होते आणि पुढे पुन्हा रुंदावते. सौंदर्यासाठी ही रचना केलेली नाही. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचला, की हवेचा विरोध एकदम वाढतो. धड व पंख मिळून होणारी जाडी अचानक वाढली, तर हा विरोध अधिकच तीव्र होतो. पंखांमुळे जेवढी जाडी वाढते, तेवढी धडाची कमी केली, तर विरोध घटतो. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड व्हिटकम यांनी हे तत्त्व प्रयोगांनी दाखवून दिले आणि मरुतच्या रचनेत त्याचा उपयोग करण्यात आला. ज्याने ही कंबर स्वतःच्या हाताने घासून आणली, त्याला हे तत्त्व सहसा विसरता येत नाही.

प्रतिकृती आकाराविषयी इतके काही शिकवीत असली, तरी तिला सर्वच गोष्टी सांगता येत नाहीत. लांबी ७२ पटींनी कमी झाली, की पृष्ठभाग ७२ गुणिले ७२, म्हणजे ५,१८४ पटींनी कमी होतो आणि घनफळ तर ३,७३,२४८ पटींनी! रिकाम्या मरुतचे वजन सुमारे सहा टन होते. ते याच हिशेबाने कमी केले, तर प्रतिकृती अवघी १६ ग्रॅम भरली पाहिजे. शिवाय प्रतिकृती लहान झाली, तरी तिच्याभोवतीची हवा लहान होत नाही; तिचा दाटपणा व चिकटपणा पूर्वीइतकाच राहतो. म्हणून छोटी प्रतिकृती हवेत जशी वागेल, तसेच मोठे विमान वागेल, असे धरून चालता येत नाही.

टांक आणि त्यांचे सहकारी ही गोष्ट जाणून होते. लढाऊ विमान धातूचे घडविण्यापूर्वी त्यांनी मरुतच्याच मापाचे, मरुतच्याच आकाराचे, परंतु लाकडी आणि इंजिनरहित विमान तयार केले. ही प्रतिकृती १ : १ प्रमाणाची होती, असे म्हणता येईल. १९५९ मध्ये डकोटा विमानाला दोराने जोडून तिला आकाशात नेले जाई आणि उंचावर सोडून दिले जाई. मग वैमानिक तिला वाऱ्यावर तरंगत खाली आणी. अशी सत्तराहून अधिक उड्डाणे झाली. विमान मंद वेगात कसे वळते, सुकाणू किती हलके वा जड लागते, उतरताना ते कसे वागते, हे सारे तिने सांगितले. लाकडात सापडलेला दोष लाकडातच सुधारता येतो. तोच दोष पुढे वेगवान विमानात प्रकट झाला, तर वैमानिकाच्या प्राणांशी गाठ असते.

मात्र या मोठ्या प्रतिकृतीलाही एक गोष्ट सांगता येत नव्हती; कारण तिच्यात इंजिनच नव्हते. जून १९६१ मध्ये विंग कमांडर सुरंजन दास यांनी खऱ्या मरुतचे पहिले उड्डाण केले. विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जावे, असा मूळ संकल्प होता. परंतु त्यासाठी हवे होते तेवढे शक्तिशाली इंजिन भारताला मिळू शकले नाही. उपलब्ध ऑर्फियस जातीची दोन इंजिने बसवावी लागली आणि मरुतचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपासच राहिला. त्याची शक्ती वाढविण्याचे प्रयत्न पुढेही चालू होते. अशाच एका सुधारित मरुतची चाचणी घेताना जानेवारी १९७० मध्ये सुरंजन दास यांना वीरमरण आले.

असे असूनही मरुतने आपली सेवा चोख बजावली. एकूण १४७ मरुत विमाने बांधली गेली. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी कामगिरी केली आणि एक इंजिन निकामी झाले असताही काही वैमानिकांनी दुसऱ्याच्या बळावर विमान तळावर सुखरूप परत आणले. पुढे कालांतराने ही विमाने वायुदलातून निवृत्त झाली.

त्यांपैकी काही विमाने संग्रहालयांतून जतन केलेली आहेत. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातही एक मरुत पाहावयास मिळते. अनेक मुले त्याच्याजवळून धावत पुढे जातात. परंतु ज्या मुलाने घरी २२० मिलिमीटरचा मरुत घडविला आहे, ते मूल तेथे थबकते. धडाची निमुळती कंबर, शेपटाशी शेजारी शेजारी असलेली इंजिनांची दोन तोंडे, मागे झुकलेले पंख हे सारे त्याच्या ओळखीचे असते. ते विमानाभोवती एक फेरी मारते, मनाशी मापे ताडून पाहते आणि आपल्या प्रतिकृतीत कोठे लाकूड जास्त राहिले आहे, हे त्याला कोणी न सांगताच कळते.