खारीचा बांध आणि तापलेली पृथ्वी

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ३ व ५

पेण आणि रोहें या तालुक्यांतील ज्या वाचकांचीं शेतें खाडीकांठीं आहेत, त्यांना बांध म्हणजे काय हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु हें पत्र देशावरच्या मंडळ्यांतही वाचलें जातें, म्हणून थोडें वर्णन करितों. धरमतरच्या खाडीचें पाणी भरतीबरोबर पेण तालुक्यांत दूरवर आंत शिरतें. रेवदंड्याच्या खाडीचें पाणी कुंडलिकेवाटें रोह्याच्या बाजूस चढतें. या खाड्यांच्या कांठची सखल जमीन आपल्या पूर्वजांनीं चिखलमातीचे बांध घालून समुद्रापासून सोडवून घेतली. तीच खार जमीन. जुन्या काळीं अशा जमिनींस शिलोत्री आणि बाहेरचा बांध राखण्याचें पत्करणारास शिलोत्रीदार म्हणत. यांतील पुष्कळ बांध अठराव्या शतकांत, आंग्र्यांच्या अमलांत घातले गेले. बांधांत जागोजागीं उघाडी बसविलेली असते. तिची झडप मोठी युक्तीची आहे. भरतीचा दाब बाहेरून आला कीं ती मिटते, आणि ओहोटी लागली म्हणजे आंत सांचलेलें पावसाचें पाणी तिला ढकलून खाडींत जातें. अशा रीतीनें पावसाचें गोडें पाणी जमिनींतलें मीठ धुऊन नेतें आणि तेथें भात पिकतें.

बांधाला खांड पडली, म्हणजे हा सारा उद्योग एका रात्रींत व्यर्थ होतो. उधाणाचें पाणी शेतांत पसरतें. खांड लागलीच बुजविली तरी मीठ निघून जाण्यास दोनतीन पावसाळे लागतात. ती बुजविली नाहीं, तर भरती रोज दोनदां येते, चर रुंद होतो, आणि थोड्याच वर्षांत शेतांत तिवरांचीं झाडें उभीं राहतात. पेण तालुक्यांतील नारवेल-बेनवले या भागानें हें दुःख भोगलें आहे. धरमतरच्या खाडीकांठचें गणेशपट्टी हें गांव तर पाण्यामुळें ओसच पडलें. ज्याच्या नांवानें सातबारा आहे, त्याला आपलें शेत पाहण्यास होडींतून जावें लागावें, ही गोष्ट ऐकणाऱ्यास कथेसारखी वाटते; पण खारेपाटांत ती घडली आहे.

खांडी पूर्वींही पडत. मग आजच काय विशेष आहे? येथें थोडें सृष्टिशास्त्र पाहिलें पाहिजे.

पृथ्वीवर सूर्याची ऊब येते आणि ती परत आकाशांत जाते. हवेंतील कांहीं वायु या परत जाणाऱ्या उबेला अडवितात, जशी घोंगडी अंगची ऊब अडविते. त्यांत कार्बन डायऑक्साइड, ज्याला जुन्या पुस्तकांत कर्बाम्लवायु म्हणत, तो मुख्य आहे. हा वायु उन्हांत अधिक तापतो हें अमेरिकेंतील युनिस फूट या बाईंनीं १८५६ सालीं प्रयोगानें दाखविलें. १८५९ सालीं जॉन टिंडल यांनीं तो उष्णता कशी शोषितो याचे प्रयोग केले. आणि १८९६ सालीं स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनिअस यांनीं, कोळसा जाळून हा वायु वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचें गणित मांडलें. तेव्हां ही कांहीं कालची कल्पना नव्हे. कारखाने व आगगाड्या येण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. त्या मानानें पृथ्वीची सरासरी उष्णता एक अंशाहून अधिक वाढली, आणि २०२४ हें वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासूनचें सर्वांत उष्ण वर्ष ठरलें.

एक अंश ऐकून पुष्कळांना हंसू येतें. चैत्रांत सकाळदुपारच्या हवेंत दहा अंशांचा फरक पडतो, मग एका अंशाचें काय? पण आपल्या अंगाला एक अंश ताप अधिक चढला तर आपण कामावर जातों काय? तापलेलें पाणी फुगतें, आणि डोंगरांवरचें व ध्रुवांकडचें बर्फ वितळून समुद्रास मिळतें. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर चढली; आणि त्या काळाच्या शेवटच्या बारा वर्षांत ती दरवर्षीं सुमारें ३.७ मिलिमीटर या वेगानें चढत होती.

आतां ही वीत आपल्या उघाडीजवळ आणून पाहा. ज्या बांधाचा माथा आजोबांनीं उधाणाच्या पाण्याहून हातभर उंच ठेविला होता, त्याला आतां अर्ध्या हाताचाच आधार उरला. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं, बाहेरचें पाणी उंच राहिल्यानें झडप अधिक वेळ मिटलेली राहते. ओहोटीचा जो अवकाश पावसाचें पाणी बाहेर जाण्यास मिळे, तो कमी होतो. म्हणून बांध न फुटतांही शेत बुडतें, समुद्राच्या पाण्यानें नव्हे, तर आपल्याच पावसाच्या पाण्यानें! त्यांत खाडींतील मोठ्या नौकांच्या लाटांनीं बांधाचा पाया झिजतो अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे, ती निराळीच.

आणि पाऊसही पूर्वींचा राहिला नाहीं. हवा एक अंशानें तापली म्हणजे ती सुमारें सात टक्के अधिक वाफ धरूं शकते, आणि धरलेली वाफ केव्हां तरी सोडतेच. मध्य भारताच्या पट्ट्यांत, ज्यांत महाराष्ट्राचाही भाग येतो, अतिवृष्टीचे विस्तृत प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढले, असें रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें. रायगड जिल्ह्यास यासाठीं पुस्तक उघडण्याची गरज नाहीं. २००५ सालच्या जुलैच्या २५ व २६ तारखांस महाड-पोलादपुराकडे डोंगर कोसळले. २२ जुलै २०२१ रोजीं तळीये गेलें आणि ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी दरडीखालीं गाडली गेली. अरबी समुद्र तापल्यानें त्यांतील वादळेंही बळावलीं आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें आपल्या जिल्ह्यांतील नारळी-पोफळींच्या बागा आडव्या केल्या. पोफळीचें रोप लावून सुपारी हातीं येण्यास किती वर्षें लागतात तें बागाईतदारास विचारावें. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें भर उन्हांत झालेल्या समारंभास आलेल्या १४ माणसांचा उष्माघातानें अंत झाला. भात निघाल्यावर जमिनींत राहिलेल्या ओलीवर आपल्याकडे वाल होतो. त्यास अवकाळी पाऊस लागला, तर ना वाल धड, ना पोपटीची मजा.

मंडळ्यांतून या विषयावर दोन प्रकारचें बोलणें ऐकूं येतें. एक म्हणतात, नोहाला देवानें वचन दिलें आहे, तेव्हां जलप्रलयाची भीति कशाला? दुसरे म्हणतात, हीं शेवटच्या काळाचीं चिन्हें आहेत, तेव्हां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. दोघांचा शेवट एकच होतो : हात जोडून घरीं बसणें. नोहाला दिलेलें वचन असें आहे कीं सर्व देहधाऱ्यांचा नाश करणारा जलप्रलय पुन्हां येणार नाहीं. न राखलेला बांध फुटणार नाहीं, असें वचन देवानें कोणासही दिलेलें आम्हांस आढळत नाहीं. आणि ज्या नोहाला तें मिळालें, त्यानें आधीं तारूं बांधलें होतें. शेवटच्या काळाविषयीं म्हणाल, तर धनी येईल तेव्हां चाकर कामावर असावा हीच प्रभूची शिकवण आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत मनुष्याला बागेंत ठेविलें तें मशागत व राखण यांसाठीं. मशागत आम्हीं पुष्कळ केली. राखण मात्र मागें पडली.

आतां नहेम्याकडे वळूं. तिसरा अध्याय वाचतांना पुष्कळ वाचक कंटाळतात, कारण तो नांवांची यादी आहे. पण खारेपाटांतल्या माणसास तो ओळखीचा वाटेल. यरुशलेमेच्या तटाला खिंडारें पडलीं होतीं. तीं बुजविण्यास एल्याशीब मुख्य याजक आपल्या भाऊबंदांसह मेंढेवेशीशीं उभा राहिला, सोनार आले, अत्तरें करणारे गांधी आले, आणि शल्लूम नांवाच्या अधिकाऱ्याच्या कन्यांनींही काम केलें. पुष्कळांनीं आपापल्या घरासमोरचा भाग घेतला. आपल्याकडील जोळाची रीत हीच होती. ज्याची जमीन बांधामागें, त्यानें आपल्या वांट्याचें काम करावें. आणि खांड पडली म्हणजे साऱ्या गांवानें रात्रीं मशाली घेऊन धांवावें, कारण शेजाऱ्याच्या खांडींतून येणारें पाणी आपलें शेत ओळखत नाहीं. पुढें १९४८ चा व त्यानंतर १९७९ चा खारजमीन कायदा झाला, सरकारी खातें आलें, मोठे बांध सरकारनें पत्करिले. तें आवश्यकच होतें. दगडी पिचिंगचा खर्च गांवाला झेपणारा नव्हे. परंतु आमच्या मतें त्याबरोबर गांवचा हात सुटला, आणि खेंकड्यानें पाडलेलें भोंक, जें एका घमेल्याच्या मातीनें बुजलें असतें, तें अर्जाचें उत्तर येईपर्यंत खांड होऊन बसूं लागलें.

त्याच अध्यायांत एक खोंचक ओळ आहे. तकोवाच्या लोकांनीं काम केलें, पण त्यांच्या सरदारांनीं मान वांकविली नाहीं. जगाच्या तटाजवळही असेंच चाललें आहे. भारतांत दरमाणशीं वर्षाला सुमारें दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. अमेरिकेंत सुमारें चौदा टन. खारेपाटांतल्या कुळाच्या चुलीचा धूर या हिशेबांत कोठें दिसणार? २०१५ सालीं पॅरिस येथें सर्व राष्ट्रांनीं उष्णतेची वाढ दोन अंशांच्या बरीच खालीं ठेवण्याचें, व दीड अंशावर थांबविण्याचा यत्न करण्याचें ठरविलें. २०२१ सालीं ग्लासगो येथें आपल्या सरकारनें २०७० पर्यंत हिशेब शून्यावर आणण्याचें जाहीर केलें. हीं वचनें पाळलीं जावींत म्हणून बोलणें हेंही ख्रिस्ती माणसाचें काम आहे. तरी सरदार आले नाहींत म्हणून तकोवेकरांनीं काम टाकिलें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. उलट त्यांनीं आणखी एक भाग दुरुस्त केला, असें पुढें लिहिलें आहे.

पांचवा अध्याय मुद्दाम जोडला आहे. तट बांधला जात असतांच गरिबांचा आक्रोश होतो, कीं आमचीं शेतें व द्राक्षमळे धान्यासाठीं गहाण पडले. नहेम्या तट सोडून आधीं हा न्याय करितो. खारट झालेली जमीन पडीक म्हणून कवडीमोलानें विकली जाते, आणि एकदां गेली कीं परत येत नाहीं. पेणच्या शेतकऱ्यास जमिनीची किंमत कळत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. २१ सप्टेंबर २००८ रोजीं हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन द्यावी कीं नाहीं याविषयीं जनमत घेण्यांत आलें, तेव्हां बहुसंख्यांनीं नको म्हटलें. त्याच हेटवण्याचें पाणी नवी मुंबईस जातें, आणि खारेपाटांतील बाया उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. तापत्या दिवसांत हा प्रश्न आणखी कडू होणार आहे.

करण्यासारखें पुष्कळ आहे. नारवेल-बेनवल्याची बंदिस्ती राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पांत घेण्यांत आली. असे बांध यापुढें जुन्या उंचीचे नव्हे, तर येणाऱ्या समुद्राच्या मापाचे झाले पाहिजेत, व हें मागणें ग्रामसभेंत लेखी मांडावें. तिवरांविषयीं आपल्या लोकांच्या मनांत राग आहे, कारण तीं शेतांत आलीं म्हणजे कायद्यानें तोडतां येत नाहींत. पण तींच तिवरें बांधाच्या बाहेर असलीं तर लाटेचा मार खातात, चिखल धरतात आणि हवेंतला कार्बन मुळांखालीं पुरून ठेवतात. शत्रु झाड नव्हे, मोकळी राहिलेली खांड आहे. जेथें थोडें मीठ राहतें, तेथें पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती लावाव्या. आपल्या जुन्या काळ्या व भुऱ्या रात्यालाही मिठाची संवय आहे. तळ्यांत जिताडा सोडणें ही तर इकडची जुनीच शहाणपणाची रीत.

रोह्याकडच्या गोड्या जमिनींसाठीं नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांचें सगुणा भात तंत्र पाहण्यासारखें आहे. त्यांत गादीवाफ्यांवर भात टोकतात; चिखलणी नाहीं, लावणी नाहीं, आणि राबही भाजावा लागत नाहीं. सतत पाणी तुंबलेल्या भातखाचरांतून मिथेन नांवाचा, कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी तीव्र वायु निघतो. तोही या रीतीनें कमी होतो. वांकून लावणी करणाऱ्या बायांची कंबर वांचते, हा लाभ आम्ही पहिला लेखितों. वीज कोळशावांचून होत नाहीं असें म्हणणारांस भिरा येथें न्यावें; तेथें १९२७ सालापासून पडत्या पाण्यावर वीज होत आहे. मात्र त्या पाण्यासाठीं मुळशीच्या शेतकऱ्यांचीं गांवें बुडालीं, हेंही त्यांस सांगावें.

पाठ घेणाऱ्यांनीं नहेम्याचा तिसरा अध्याय पूर्ण वाचून घ्यावा, नांवें कठीण म्हणून सोडूं नयेत. मग मंडळींतील वडीलधाऱ्यांस विचारावें, कीं आपल्या बांधाला कोणत्या सालीं कोठें खांड पडली, ती किती दिवसांनीं बुजली, आणि त्या वेळीं कामावर कोण आलें होतें. तीं सालें वहींत लिहून ठेवावींत. सरकारांत अर्ज करतांना त्यांचा उपयोग होतो. तसेंच गांवांत कोणाच्या वांट्याला बांध येतो आणि कोण परगांवीं गेल्यानें त्याचा वांटा उघडा पडला आहे, हेंही पाहावें. अमावास्या व पौर्णिमा यांच्या पुढच्या दोनतीन दिवसांत उधाण मोठें असतें. पावसाळ्यापूर्वींच्या एखाद्या अशा दिवशीं, ओहोटी असतां, तरुणांनीं सगळ्या उघाड्यांच्या झडपा हातानें हलवून पाहाव्या, आणि भरतीच्या वेळीं त्याच जागीं पुन्हां जाऊन पाणी माथ्यापासून किती खालीं राहिलें तें काठीनें मोजावें.