हात उचलतो तो विचार की वैर?

एक माणूस दुसऱ्यावर शस्त्र उचलतो, तेव्हा त्याला पुढे कोण ढकलते? त्याने उरी धरलेले मत, की मनात साठलेला द्वेष? कुठे खून-मारामारी झाली की पारावर बसून आपण निकाल देऊन मोकळे होतो. एक म्हणतो, "त्याचं डोकंच कुणीतरी भडकवलं." दुसरा म्हणतो, "छे हो, जुनं वैर होतं." वारकऱ्याने हा प्रश्न नीट सोडवून घेतला पाहिजे. रोग न ओळखता दिलेले औषध अंगावर उलटते.

आपल्या यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामी, महात्मा गांधी १९३६ पासून राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी दिल्लीत ते प्रार्थनेला निघाले असता पुण्याच्या नथुराम गोडसे याने त्यांना आधी नमस्कार केला आणि मग गोळ्या झाडल्या. पुढे कोर्टात त्याने सांगितले की, गांधीजींशी माझे व्यक्तिशः वैर नव्हते. त्यांचे राजकारण देशाला घातक वाटले म्हणून मी हे केले. म्हणजे येथे विचाराने हात उचलला, असे म्हणावे लागते.

पण वैर नव्हते म्हणून अपराध हलका झाला काय? मुळीच नाही. ज्याचे आपल्याशी वैर आहे त्याची समजूत तरी घालता येते. धुरा मोजून देता येतो, उसने फेडता येते, पाया पडता येते. परंतु ज्याने आपल्याला माणूस म्हणून पाहणेच सोडले, त्याची समजूत कशी घालावी? त्याच्या लेखी आपण एक अडथळा, एक नाव. नमस्कार करून मारणारा हात म्हणूनच अधिक भयंकर.

आता दुसरी बाजू पाहा. त्या खुनानंतर मुंबई, पुणे, नागपूर येथे दंगे उसळले. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत खुनी ब्राह्मण होता एवढ्यावरून ब्राह्मणांची घरे जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ पेटला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकरांना जमावाने दगडांनी ठेचले; ते १९४९ च्या ऑक्टोबरात वारले. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे. अहिंसेच्या पुजाऱ्यासाठी हिंसा! त्या गर्दीत कोणाला जुन्या जातिभेदाची चीड होती, कोणाला सावकारी कर्जाची, तर कोणाला नुसती लूट हवी होती. ज्याचे घर पेटले त्याने काय केले होते, हे कोणी विचारले नाही. आडनाव पुरेसे झाले.

तेव्हा उत्तर असे निघते की, विचार बोट दाखवतो आणि द्वेष काडी ओढतो. पण दोघांच्याही आधी एक गोष्ट घडलेली असते. समोरचा माणूस दिसेनासा होतो. उरते ते त्याचे आडनाव, जात, पक्ष, धर्म.

तुकोबारायांच्या चरित्रात महिपतिबोवांनी मंबाजीची कथा सांगितली आहे. म्हैस बागेत शिरली, काट्यांच्या कुंपणावरून कुरबूर झाली आणि मंबाजीने तुकोबांना काटेरी फांदीने झोडपले. निमित्त बागेचे, आत मत्सर, आणि वर पांघरूण धर्माचे! तुकोबांनी काय केले? रात्री कीर्तनाला मंबाजी दिसेना, तेव्हा त्याच्या घरी जाऊन त्याचे अंग चेपले. मारणाऱ्यातला माणूस त्यांनी नजरेआड होऊ दिला नाही. ज्ञानोबारायांनीही पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही; त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावो, एवढेच मागितले.

मग कोणी म्हणेल, "ठाम मत बाळगूच नये काय?" अवश्य बाळगावे. जुलै १९३० मध्ये आपल्याच पुसदच्या रानात लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापून जंगलचा कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. मत केवढे ठाम! पण विळा चालला तो गवतावर. मे १९४७ मध्ये विठोबाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून साने गुरुजी पंढरपुरी उपोषणाला बसले. गांधीवधानंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. खऱ्या मताची किंमत ते बाळगणाऱ्याने स्वतःच्या देहाने द्यायची असते, दुसऱ्याच्या नव्हे.

आता आपल्या घरचे पाहू. धुऱ्यावरून भाऊबंदांत, शेजाऱ्यांत तंटे होतात. तंटा दोन घरांचा असतो, पण एक जण हळूच म्हणतो, "ते लोक असेच!" झाले, दोन घरांचे भांडण दोन जातींचे होते. आज मोबाइलवर असे निरोप घटकेत गावभर फिरतात. तेव्हा वारकऱ्याने दोन नेम धरावे. धुऱ्याचे भांडण धुऱ्याचेच ठेवावे, त्याला जातीचा वा धर्माचा अंगरखा चढवू नये. आणि कोणी "ते लोक" म्हणाला की विचारावे, "ते कोण? नाव सांग, घर सांग, त्याने काय केलं ते सांग." नाव आणि घर डोळ्यांपुढे आले की उचललेला हात पुष्कळदा खाली येतो. वारीत अनोळखी माणसालाही आपण माउली म्हणतो आणि पाया पडतो. ती सवय गावी परतल्यावर धुऱ्यावरही टिकली, तरच वारी घडली म्हणायची.

रामकृष्णहरि.