हम्म, हुज्न आणि कामाची जागा

हजरत अनस (रजि.) लहान वयातच आदरणीय पैगंबर (स.) यांच्या सेवेत रुजू झाले आणि दहा वर्षे त्यांनी ही सेवा केली. सही बुखारीत त्यांच्याकडूनच एक दुआ नोंदली गेली आहे, जी ते पैगंबरांच्या तोंडून वारंवार ऐकत असत. या दुआत आठ गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे : हम्म आणि हुज्न, अज्ज आणि कसल, कृपणता आणि भित्रेपणा, कर्जाचा बोजा आणि माणसांचा दबाव. आपल्यापैकी अनेकांना ही दुआ पाठ आहे. परंतु तिच्यातील शब्दांकडे, विशेषतः नोकरी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने, आपण क्वचितच पाहतो.

हम्म म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची चिंता आणि हुज्न म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीचे दुःख, असा फरक भाष्यकारांनी केला आहे. हिंजवडीतील एखाद्या कंपनीत काम करणाऱ्या तरुणाचा दिवस या दोहोंमध्येच विभागलेला असतो. कालच्या बैठकीत सर्वांसमक्ष झालेला अपमान मनातून जात नाही, आणि पुढच्या तिमाहीत कोणाकोणाला काढणार, ही धास्ती झोपू देत नाही. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याची अवस्था यापेक्षा वेगळी नाही. त्याच्या व्यथेला मात्र ‘स्ट्रेस’ हे नाव मिळत नाही, एवढाच काय तो फरक. दुआच्या शेवटच्या जोडीत कर्ज आणि माणसांचा दबाव एकत्र आले आहेत. घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस वरिष्ठांचे अन्याय्य बोलणे निमूटपणे का ऐकून घेतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या जोडीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मला या लेखात विशेषतः दुसऱ्या जोडीवर थांबायचे आहे. अज्ज म्हणजे इच्छा असूनही शक्ती नसणे. कसल म्हणजे शक्ती असूनही इच्छा नसणे. एक असमर्थता आहे, दुसरा आळस. पैगंबरांनी (स.) दोहोंपासून आश्रय मागितला, पण दोहोंना एक मानले नाही. आपण आपल्या घरांत नेमके हेच करतो. कमावता मुलगा सकाळी अंथरुणातून उठत नाही, फोन उचलत नाही, आवडीचे कालवणही त्याला गोड लागत नाही, फज्रची नमाज चुकू लागते. वडील म्हणतात, आळशी झाला. आजी म्हणते, नजर लागली. एखादे नातेवाईक येऊन ईमान कमजोर झाल्याचा निर्णयही देऊन जातात. तो अज्जमध्ये सापडला असेल, ही शक्यता कोणाच्या मनात येत नाही. ज्याची शक्तीच संपली आहे त्याला आळशी म्हणणे हा त्याच्यावर केलेला आरोप आहे, आणि आरोपाने कोणी बरा होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची नोंद केली. तिला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले आहे. दीर्घकाळ चाललेला आणि आटोक्यात न आलेला कामाचा ताण हे तिचे कारण सांगितले असून तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती आटून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यापुढे जाऊन सततची उदासी, झोप-भूक हरपणे किंवा जगणे नकोसे वाटणे अशी स्थिती आली, तर मात्र तो वैद्यकीय उपचाराचाच प्रश्न असतो.

अशा वेळी ‘सबर कर’ असा सल्ला दिला जातो. सबर ही श्रद्धावंताची संपत्ती आहे यात शंका नाही. पण सबर म्हणजे गप्प बसणे, हा अर्थ आपण कोठून आणला? सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांच्या सुंदर सबरचे वर्णन आहे, आणि त्याच सूरहमध्ये दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडल्याचेही सांगितले आहे. मुले त्यांना टोकत राहिली, की असेच चालले तर तुम्ही स्वतःला संपवाल. त्यांनी उत्तर दिले, की मी आपली व्यथा अल्लाहपुढे मांडतो. लगेच त्यांनी मुलांना कामाला लावले : जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. अश्रू, प्रार्थना आणि प्रयत्न, तिन्ही एकाच सबरमध्ये सामावले आहेत. पैगंबर (स.) आपल्या चिमुकल्या इब्राहीमच्या निधनसमयी रडले आणि त्या अश्रूंना त्यांनी दया म्हटले.

स्वतःवर किती ओझे घ्यावे, याचाही धडा हदीसमध्ये आहे. हजरत सलमान (रजि.) आपले मानलेले भाऊ हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा उम्मे दरदा (रजि.) यांची अवस्था त्यांना विस्कटलेली दिसली. कारण विचारता त्या म्हणाल्या, की तुमच्या भावाला या जगाची गरजच उरलेली नाही. अबू दरदा रोज्यात होते. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, असा आग्रह सलमान यांनी धरला. रात्री ते इबादतीसाठी उठू लागले, तर त्यांना पुन्हा झोपायला लावले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा दोघांनी मिळून नमाज अदा केली. पालनकर्त्याचा हक्क आहे, जिवाचा हक्क आहे, घरच्यांचाही हक्क आहे, हे सलमान यांचे म्हणणे पैगंबरांनी (स.) खरे ठरविले. जिथे इबादतीसाठीही जिवाचा हक्क बुडवायचा नाही, तिथे मध्यरात्रीच्या ई-मेलसाठी तो बुडविण्याची परवानगी कोण देणार? आणि एक गोष्ट सहज नजरेतून निसटते : सलमान नुसता उपदेश करून निघून गेले नाहीत, ते रात्रभर त्या घरी थांबले.

आपल्यापैकी जे स्वतः मालक आहेत, ज्यांचे कारखाने, दुकाने, शाळा आहेत, त्यांचा हिशेब वेगळा आहे. हाताखालच्यांना पैगंबरांनी (स.) भाऊ म्हटले, झेपणार नाही असे काम त्यांच्यावर लादू नका आणि लादलेच तर स्वतः हात लावा, असे बजावले. हजरत अनस (रजि.) यांचीच साक्ष आहे, की दहा वर्षांत त्यांना कधी ‘उफ’ एवढाही शब्द ऐकावा लागला नाही. आपल्याकडे दहा वर्षे काम केलेला माणूस आपल्याविषयी काय सांगेल?

उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, पैगंबरांनी (स.) औषधोपचार करण्याची आज्ञा दिली आहे. बल्खचे विद्वान अबू जैद अल-बल्खी (निधन 934) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. ज्याचे कारण ठाऊक असते असे दुःख आणि कारण न सापडता शरीरातूनच उद्भवणारे दुःख, असे भेद त्यांनी हजार वर्षांपूर्वी केले आणि दुसऱ्या प्रकारावर शरीराचा उपचार सांगितला. मुस्लिम जगाने जे इतक्या लवकर ओळखले, त्याची आपल्या मोहल्ल्यात आज लाज वाटावी, हे खेदाचे आहे.

आपल्या देशात 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. मुलगा फोन करायला संकोचत असेल तर आईने किंवा बहिणीने करावा.

रमजानमध्ये एक चूक अनेक घरांत होते. रोज्यासाठी मनाच्या आजाराची गोळी परस्पर बंद केली जाते. लिथियमसारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण शरीरातील पाणी घटल्याने धोकादायकरीत्या वाढू शकते. इतर काही औषधे अचानक थांबविल्याने आजार उलटतो. रमजान सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना भेटून डोस सहरी-इफ्तारला जुळविता येतो का, हे विचारावे. नाहीच जुळला, तर आजारी माणसाला दिव्य कुरआनने सूरह बकरामध्ये दिलेली सवलत त्यालाही लागू आहे, आणि घरात त्याचे दुपारचे ताट कोणी टोमणा न मारता वाढावे.